पुष्पकचा पिस्टन कोठे मिळेल?



कारखाना बंद पडला म्हणजे त्याने बनवलेली यंत्रे त्याच दिवशी बंद पडत नाहीत. ती पुढे वीस-तीस वर्षे चालतात आणि मग एखादा तळहाताएवढा पुर्जा मिळत नाही म्हणून जिन्याखाली जाऊन बसतात. आपल्या हैदराबादेत अशी यंत्रे पुष्कळ घरांत आहेत. अल्विनचा फ्रीज, अल्विनचे घड्याळ आणि ज्यांचा नंबर लागला त्यांच्याकडे ‘अल्विन पुष्पक’ स्कूटर. १९४२ साली स्थापन झालेली हैदराबाद अल्विन ही कंपनी आता उरलेली नाही. अल्विन कॉलनी, अल्विन चौरस्ता असे पत्ते तेवढे राहिले आहेत.

अंबरपेठेतल्या एका पालकांनी आपल्या घरची पुष्पक यंदा शाळेला दिली. ती आजोबांनी नोकरीत असताना घेतलेली, १९७८ची. भंगारवाल्याने वजनावर भाव केला तेव्हा घरात दोन मते पडली, आणि अखेर गाडी शाळेच्या आवारात आली ती एका अटीवर : दुसरे इंजिन बसवायचे नाही, आहे तेच उभे करायचे. ही अट केवळ मायेपोटी घातलेली असेल असे आम्हांला वाटले होते. पण तिला कायद्याचाही आधार निघाला, ते पुढे सांगू.

नववीच्या मुलामुलींनी कार्यानुभवाच्या तासांना इंजिन खोलले, भाग रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर मांडले आणि निकामी भागांची यादी केली. पिस्टन व रिंगा, क्रँकची बेअरिंगे, झाडून सगळी ऑइल-सील, क्लचच्या प्लेटी, पॅकिंग, पॉइंट आणि कंडेन्सर. ती यादी खिशात घालून आम्ही गोलनाका, काचीगुडा करीत कोठीला गेलो. पुतलीबावली आणि जांबाग या भागांत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. पहिल्याच दुकानात ‘पुष्पकचा पिस्टन’ मागितला. दुकानदाराने मान हलवली. दुसऱ्यानेही हलवली. तिसरा जरा वयस्कर होता. तो म्हणाला, पुष्पक म्हणू नका, विजय सुपर म्हणा. आणि माळ्यावर चढला.

त्याने असे का म्हटले हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

इटलीत मिलान शहराच्या लांब्राते भागात इनोचेंती कंपनीचा कारखाना होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर लोकांना स्वस्त वाहन हवे होते, म्हणून १९४७ पासून तेथे ‘लांब्रेटा’ नावाची स्कूटर बनू लागली. आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ती आणली. पुढे १९७१ साली इनोचेंतीने लांब्रेटा बनवणे थांबवले. भारत सरकारने १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही कंपनी काढून इटलीतली यंत्रसामग्री, आराखडे आणि हक्क विकत घेतले. म्हणजे एक अख्खा कारखाना समुद्रमार्गे आपल्या देशात आला म्हणा ना! १९७५ पासून लखनौची स्कूटर देशात ‘विजय सुपर’ या नावाने आणि परदेशात लांब्रेटा या नावाने विकली जाऊ लागली. हेच इंजिन घेऊन हैदराबादेत पुष्पक तयार झाली. नाव आपले, इंजिन लखनौचे आणि त्याचे मूळ मिलानचे. लखनौने १९९७ साली दुचाकी बनवणे सोडून दिले, आणि २०२१ साली केंद्र सरकारने ती कंपनीच बंद करण्याचा निर्णय घेतला.

तुमच्यापैकी ज्यांचे आजोळ पुणे, सातारा, सोलापूरकडे आहे त्यांनी तिकडे चेतक किंवा प्रिया पाहिली असेल. ते घराणे निराळे. तेही इटलीचेच, पण पियाजिओ कंपनीच्या १९४६च्या वेस्पाचे. बजाजने १९६० साली परवाना घेऊन वेस्पा बनवायला सुरुवात केली, १९७१ साली तो करार संपला आणि १९७२ साली चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया त्याच घराण्यातली. वेस्पा घराण्यात इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला लटकते. म्हणून तर चेतक सुरू होत नसली की लोक तिला डावीकडे कलती करीत. लांब्रेटा घराण्यात इंजिन मधोमध असते आणि आतल्या साखळीने मागे जोर पोचतो. हा फरक ओळखता आला की निम्मा शोध संपतो, कारण एका घराण्याचे भाग एकमेकांना बसण्याचा संभव असतो आणि दुसऱ्या घराण्याचे बहुतेक बसत नाहीत.

बहुतेक म्हणायचे कारण पिस्टनच्या गोष्टीत येते. वयस्कर दुकानदार माळ्यावरून खाली आला तो एक प्रश्न घेऊन. साइज कोणता? आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते, म्हणून परत शाळेत येऊन मोजमाप करावे लागले. गणिताच्या तासाला जे दंडगोलाचे घनफळ तुम्ही काढता, ते येथे कामी आले.

या इंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५७ मि.मी. आणि पिस्टनची धाव ५८ मि.मी. आहे. त्रिज्या २.८५ सें.मी. धरून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर २५.५२ चौ. सें.मी. येते. त्याला ५.८ ने गुणा. उत्तर १४८. म्हणूनच १५० सी.सी.ची म्हणतात ती गाडी खरी १४८ सी.सी.ची असते. चेतकचा व्यास तोच, ५७ मि.मी., पण धावही ५७, म्हणून तिचे घनफळ १४५.४५ येते. (हे उदाहरण वहीत करून पाहा.)

आता व्यास दोन्हीकडे ५७, तेव्हा चेतकचा पिस्टन, जो आजही सहज मिळतो, तो पुष्पकला का लावू नये? एका मुलाने हा प्रश्न विचारला आणि तो अगदी योग्य होता. सिलिंडरमध्ये तो पिस्टन जाईलही. पण पिस्टनला आणखीही मापे असतात. कनेक्टिंग रॉड जिला जोडतात त्या पिनची जाडी, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, आणि रिंगेची टोके जेथे अडकून राहतात त्या बारीक खुंटीची जागा. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला आतून खिडक्या असतात. ताजे मिश्रण आत येते ते त्यांतून, आणि धूर बाहेर जातो तोही त्यांतूनच. रिंगेचे टोक जर अशा खिडकीवरून जाऊ लागले तर ते बाहेर उसळून खिडकीच्या काठाला अडकते आणि मोडते. मग तुकडे आतच फिरतात. म्हणून ‘बसतो’ आणि ‘चालतो’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे यंत्रकाम शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी पाठ करावे.

सिलिंडर ५७चा असला तरी चाळीस वर्षांत तो ५७चा राहत नाही. मुलांनी बोअर-गेज आणि मायक्रोमीटर लावून वर, मध्ये व खाली अशी मापे घेतली. वरच्या भागात ५७.२४ आले, खाली ५७.०८. म्हणजे सिलिंडर वरून पसरट झाला होता. आग आणि दाब वरच्या भागात सर्वांत जास्त, तेल सर्वांत कमी, त्यामुळे झीज तेथेच जास्त होते. शिवाय एकाच उंचीवर दोन दिशांनी मोजले तर मापे वेगळी येत होती. छिद्र गोल न राहता किंचित लंबगोल झाले होते. डोळ्यांना यातले काही दिसत नाही. बोटालाही फारसे कळत नाही.

यावर उपाय म्हणजे लेथवाल्याकडून सिलिंडर आतून थोडा मोठा आणि पुन्हा गोल करून घेणे, आणि त्यात वाढीव मापाचा पिस्टन बसवणे. असे ‘ओव्हरसाइज’ पिस्टन कंपन्या पूर्वीपासून बनवीत आल्या आहेत. पण क्रम चुकवून चालत नाही. चालू मॉडेलच्या गाडीला आधी बोअर केले तरी निभते, कारण सगळी मापे दुकानात असतात. बंद झालेल्या गाडीच्या बाबतीत आधी पिस्टन हातात घ्यावा आणि मगच लेथवाल्याकडे जावे. सिलिंडर कापून बसलात आणि त्या मापाचा पिस्टन हिंदुस्थानात कोठेच नाही असे निघाले, तर कापलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. आम्हांला जांबागच्या त्या माळ्यावर ५७.४चा पिस्टन मिळाला. ५७.२४पर्यंत झिजलेला सिलिंडर साफ व्हायला तेवढा पुरत होता. आता घनफळ किती झाले? त्रिज्या २.८७ धरून काढा. १५०च्या किंचित वर येईल. इतक्या वर्षांनी ही गाडी खरोखर १५० सी.सी.ची झाली आहे.

बोअर करताना सिलिंडर पिस्टनच्या बरोब्बर मापाचा करीत नाहीत. माणसाच्या केसाच्या जाडीइतकी फट ठेवतात. का, ते भौतिकशास्त्रात पाहा. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापमान १०० अंशांनी वाढले की ५७ मि.मी. व्यासाचा अॅल्युमिनियमचा पिस्टन सुमारे ०.१३ मि.मी. फुगतो, आणि तेवढ्याच तापमानवाढीला बिडाचा सिलिंडर सुमारे ०.०६. पिस्टन दुप्पट वेगाने फुगतो, म्हणून ती फट. ती कमी पडली तर गाडी भर रस्त्यात ‘सीझ’ होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. नवा पिस्टन घातल्यावर मिस्त्री काही दिवस गाडी हळू चालवायला सांगतात ते याचसाठी.

बेअरिंगांचे काम मात्र अगदी सोपे निघाले, आणि मुलांना सर्वांत जास्त आनंद त्यातच झाला. कारण बेअरिंगला गाडीचे नाव लागत नाही, नंबर लागतो, आणि तो नंबर जगभर एकच असतो. या क्रँकच्या साखळीकडील बाजूला ६३०५ नंबरचे बॉल-बेअरिंग बसते. नंबर कसा वाचायचा? शेवटचे दोन आकडे घ्या, पाचाने गुणा. ०५ गुणिले ५ म्हणजे २५ मि.मी., हे आतल्या छिद्राचे माप. पहिला ६ म्हणजे एका रांगेत गोळ्या असलेली नेहमीची जात, आणि ३ ही जाडीची श्रेणी. बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७ मि.मी. तक्त्यात मिळते. ६२०५ मागितले तर आतले छिद्र तेच २५, पण बाहेरचे माप ५२ आणि रुंदी १५ येईल, म्हणजे ते घरात डुगडुगेल. राणीगंजला बेअरिंगच्या दुकानात स्कूटरचा शब्दही न काढता एका मुलीने नुसता नंबर सांगितला आणि नवे कोरे बेअरिंग पुढ्यात आले. नंबराच्या पुढे ‘सी ३’ अशी खूण आहे ना, हे तेवढे पाहून घ्यावे. त्याचा अर्थ आत नेहमीपेक्षा थोडी जास्त पोकळी ठेवलेली आहे. तापणाऱ्या इंजिनाला ती लागते.

ऑइल-सीलचेही तसेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, असे तीन आकडे बहुधा त्याच्यावरच उठवलेले असतात. पण येथे एक धोका आहे. जुन्या दुकानात सीलबंद पाकिटातला ‘ओरिजिनल’ माल मिळाला की माणूस हरखून जातो. लोखंडी भागाच्या बाबतीत हरखायला हरकत नाही, गंज तेवढा पाहावा. रबर मात्र पाकिटातही म्हातारे होते. एका दुकानातून आणलेले तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे सील आम्ही बोटाने वाकवले तर त्याची कड बिस्किटासारखी तुटली. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या पेटीतच पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते. सील गळके असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन भलतेच तापते आणि पुन्हा तोच सीझ झालेला पिस्टन. एवढ्याशा रबरासाठी सगळी मेहनत वाया जाऊ नये. सील नेहमी आजच्या बनावटीचे, मापावरून घ्यावे.

गुरुवारचा जुमेरात बाजार आणि एर्रागड्ड्याचा रविवारचा बाजार ही दोन ठिकाणे ऐकून सर्वांना माहीत असतात. तेथे पिस्टन शोधायला जाऊ नये. तेथे मिळाले तर मेलेले अख्खे इंजिन मिळते, पंख्याचे झाकण मिळते, किकचा दांडा मिळतो. म्हणजे जे भाग आता कोणी बनवत नाही आणि जे झिजतही नाहीत, ते. पालकांपैकी कोणी गेल्यास आपला मोडका भाग पिशवीत आणि व्हर्निअर खिशात असू द्यावा. भाव करताना आपली मंडळी उगाच हिंदीत अडखळतात. वास्तविक हैदराबादी दखनीतला ‘नक्को’ हा आपल्याच ‘नको’चा भाऊ आहे, तो निःसंकोच वापरावा.

काही भाग शोधत बसण्यापेक्षा करून घेणे सोपे. या इंजिनाच्या क्लचच्या प्लेटींना बूच लावलेले असते. जुन्या प्लेटींचे बूच काढून नवे बसवणारे कारागीर अजून आहेत. नव्या प्लेटी बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजत घालतात, नाहीतर त्या कोरड्या घासून जळतात. पॅकिंग मुलांनी स्वतः कापले. पॅकिंगचा कागद भागावर ठेवून कडेकडेने छोट्या हातोडीने हळूच ठोकत गेले की आकार आपोआप उमटतो. जाडी मात्र जुन्याइतकीच हवी. सिलिंडरखालचे पॅकिंग जाड झाले तर सिलिंडर वर उचलला जातो आणि खिडक्या उघडण्याची वेळच बदलते. पॉइंट आणि कंडेन्सर विजय सुपरच्या नावाने मिळाले, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

क्रँक उघडून नवा कनेक्टिंग रॉड घालणे हे शाळेत करण्याजोगे काम नाही. त्याला प्रेस लागते, आणि जोडल्यावर दोन्ही बाजू एका रेषेत आहेत की नाहीत ते डायल-गेजवर पाहावे लागते. ते अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घेतले. मुले उभी राहून पाहत होती. तसेच ब्रेक उघडताना एक काळजी सर्व पालकांनी घ्यावी. जुन्या ब्रेक-शूच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. ती तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

आता त्या अटीविषयी. बाजारात हिंडताना दोघांनी आम्हांला सुचवले, की एवढ्या खटपटीत दुसरे चालू इंजिन आणून बसवले असते तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते. हे खरे आहे. पण जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्या तीत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात वा इंजिनात फेरबदल केलेला नसावा. आपली पुष्पक २०२८ साली ५० वर्षांची होईल. इंजिन बदलले असते तर हा मार्ग तेव्हाच बंद झाला असता. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. आमच्या मते हे बरेच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर पडते, आणि सहा नंबरच्या चौकात संध्याकाळी आधीच धूर कमी नाही.

विश्वस्तांनी खर्चाबद्दल विचारणा केली होती. पावत्यांसह हिशेब कार्यालयात ठेवला आहे. सर्वांत जास्त रक्कम क्रँक आणि बोअरच्या मजुरीत गेली, सुट्या भागांत त्यापेक्षा कमी. इंग्लंड-इटलीत लांब्रेटाचे हौशी लोक पुष्कळ असल्याने तिकडे तिचे नवे भाग अजून बनतात, ते मागवावेत अशी एक सूचना आली होती. तशी गरज पडली नाही, आणि पडू नये असेच आम्हांला वाटते, कारण टपाल आणि जकात मिळून किंमत फार चढते.

इंजिन आता जोडून तयार आहे. दोन गोष्टी मात्र कोठेच मिळालेल्या नाहीत. एक, गाडीबरोबर येणारी माहितीपुस्तिका. दुसरी, पुढच्या पत्र्यावरची ‘पुष्पक’ ही नावाची पट्टी. आमच्या गाडीवर तिची फक्त दोन भोके उरली आहेत. पिस्टन लखनौच्या नावाने मिळाला, बेअरिंग नंबरावर मिळाले, पण ही पट्टी हैदराबादच्याच गाडीला होती, त्यामुळे ती दुसऱ्या कोणत्याही गाडीवरून घेता येत नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत किंवा शेजाऱ्यांकडे यांपैकी काही असेल तर शाळेच्या कार्यालयात कळवावे. पट्टी मोडकी असली तरी चालेल. पुस्तिका द्यायची नसेल तर आम्ही तिची झेरॉक्स काढून दुसऱ्या दिवशी परत करू.